शेवंतीचा जनादादा

घोडीला साज चढवण्याआधी जनादादा दहा मिनिटं नुसता तिच्यासमोर उभा राहायचा. हात मागे, मोबाइल बंद. वरपक्षाची माणसं घाई करायची, बँडवाले टोमणे मारायचे, पण हा ढिम्म हलत नसे. मी मीरा रोडच्या एका लग्नाच्या हॉलची मॅनेजर. वरात वेळेवर दारात आणणं हे माझं काम. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी चिडूनच विचारलं, "काय बघताय एवढं?"

"दिसतंय तवर बघतंय," तो म्हणाला. "यकदा साज चढला का तोंड झाकलं. मंग तिचं दुखनं कोनाला दिसंल?"

तो पेणकरपाड्यातला जुना आगरी माणूस. बापाचा जन्म मिठागरात गेला, मग मिठागरंच गेली. जमिनीचे पैसे आल्यावर भावांनी फ्लॅट घेतले, गाळे घेतले. यानं शेवंती नावाची पांढरी घोडी घेतली आणि इमारतीमागे पत्र्याची शेड बांधली. बायको वारल्यावर घरात तो आणि घोडी, एवढंच. सोसायटीवाले वासाची तक्रार घेऊन आले की म्हणायचा, "तुमी आठव्या माल्यावर ऱ्हाता, तुमाला वास येतो. मी तिच्या बाजूला निजतंय, मना कसा येत न्हाय?"

माझ्या हॉलच्या पोर्चमध्ये मी शेवंतीला सावलीत उभं राहू द्यायचे, बादलीभर पाणी द्यायचे. इतर हॉलवाले तिला रस्त्यावर उन्हात ठेवत. एवढ्याशा गोष्टीपायी तो मला फार मानायचा. "बाय" म्हणायचा, आणि वरातीची वाट बघताना शिकवायचा. नाकपुडी आवळून तिला सुरकुती पडली, डोळ्याच्या वर खळगा दिसायला लागला, कान पुढे न राहता बाजूला पडले, की समजायचं काहीतरी दुखतंय. मी म्हटलं, "मग ओरडत का नाही?"

"रानात आरडला तर वाघ येल. म्हनून घोडा दुखनं गिलतो. आपन बघायचं."

मी हसले होते. रत्नागिरीकडची मी, आमच्याकडे दुखलं की सगळ्या वाडीला कळतं.

त्या दिवशी साडेचारची वरात होती. दुपारी जनादादा केबिनमध्ये आला, टोपी हातात. "बाय, शेवंती आज वरातीला न्हाय येत." मी बाहेर जाऊन पाहिलं तर घोडी पोर्चमध्ये शांत उभी. "बरी तर आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "सकालची पेंडी तशीच हाय. दोनदा वलून पोटाकडं बघितलं तिनं. नाकपुडी बघ."

मी बघितली. आवळलेली होती. हे मला लिहायलाच हवं, कारण त्या दिवसापासून मी लोकांना 'मला काय कळतंय घोड्यातलं' असं सांगत फिरले. मला कळलं होतं. पण चारशे माणसं यायची होती, नवऱ्याच्या आजोबांना नातू घोड्यावरच बघायचा होता, आणि हॉलमालकाचे फोनवर फोन. मी म्हटलं, "दादा, सिल्व्हर पार्कच्या नाक्यापासून इथवर तर यायचंय. पंधरा मिनिटं. माझ्यासाठी."

त्यानं साज उचलला.

मी हॉलच्या फाटकात उभी होते. वरात वळणावर आली आणि शेवंती पुढचा पाय आपटू लागली, खुरानं डांबर खरवडू लागली. एकच जल्लोष झाला. "घोडी नाच रही है! बजाओ, और बजाओ!" सगळ्यांचे मोबाइल वर. जनादादा ओरडत होता, "थांबवा! पोटान दुखतंय तिच्या!" त्या ढणढणाटात कोण ऐकतो? शेवटी त्यानं नवऱ्याला कमरेला धरून खाली ओढलं. नवऱ्याच्या काकानं त्याच्या मुस्कटात मारली. तेवढ्यात शेवंतीचे पुढचे पाय दुमडले.

जनावरांचा डॉक्टर आला. आतड्याला पीळ पडलाय म्हणाला, हिला आज वरातीला न्यायलाच नको होतं. इंजेक्शनं झाली, पण दिवस बुडायच्या आत ती गेली. नवरा चालत आत आला आणि लग्न मुहूर्तावर लागलं. मालक म्हणाले, "मॅडम, अच्छा मॅनेज किया."

तिसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. दादा रिकाम्या जागेत गोणपाटावर बसला होता. मी रडले. पंधरा मिनिटांचं बोलले, मालकांचं बोलले, आणि म्हटलं, "मला माफ करा."

"तुला दिसलं व्हतं," तो म्हणाला. "मना बी दिसलं व्हतं. मी तुझ्या शब्दाखातर नेली. शबुद तुझा, पाप दोगांचं."

"माफ करा ना, दादा."

"न्हाय करत. माफ केलं का तू इसरशील."

आणि उठून त्यानं चहा टाकला. कोराच दिला, भरपूर साखर घालून.

त्यानं दुसरी घोडी घेतली नाही. मी मात्र त्यानंतर चार घोड्या फाटकातून परत पाठवल्या. वरपक्षाच्या शिव्या खाल्ल्या. 'मॅडम, तुम्ही काय डॉक्टर आहात का?' असं मला तोंडावर विचारलं गेलं. प्रत्येक वेळी मी पेणकरपाड्यात जाऊन दादाला सांगायचे. तो खाणाखुणा बारकाईनं विचारून घ्यायचा आणि म्हणायचा, "बराबर केलंस."

गेल्या वर्षी तो आजारी पडला. हॉस्पिटलात मी रोज जात होते. शेवटच्या दिवशी न राहवून विचारलं, "दादा, आता तरी?"

त्यानं माझा हात घट्ट धरला, आणि मान हलवली. नाही.