डेरेकने घासून दिलेली वस्तू

ग्लेंडा थर्टलला सहसा राग येत नसे. जन्मभर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली आणि नाकं मुरडणाऱ्या पोरांच्या ताटात निमूटपणे आणखी एक डाव वाटाणे घातले. नोकरी संपल्यावर तिने मेटल डिटेक्टर घेतला आणि इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या नांगरलेल्या शेतांतून, मातीत गाडल्या गेलेल्या जुन्या वस्तू शोधत एकटी हिंडू लागली. असा शोध घेणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात तिने नाव घातलं, तिथे बाकी सगळे पुरुष. त्यांना नाणी सापडत, हिला बिअरच्या डब्यांच्या कड्या. "काय गं, आज किती डबे फोडलेस?" हे त्यांचं ठरलेलं. तीही हसायची. हसायला नको होतं, पण हसायची.

मग गूच नावाच्या शेतकऱ्याच्या बीटाच्या रानात तिला ती वस्तू सापडली. तळहातात मावेल एवढी, हिरवी पडलेली, एका बाजूला आकड्यासारखी वाकलेली आणि दुसऱ्या टोकाला कुठल्याशा जनावराचं तोंड. मधल्या खोलगट नक्षीत माती गच्च बसलेली. ग्लेंडाने रीतीप्रमाणे खड्डा बुजवला, पायाने माती दाबली आणि तिथेच चिखलात फतकल मारून बसली. विकायची-बिकायची नव्हती तिला. हे काय आहे, कुणाच्या अंगाखांद्यावर किंवा घरात होतं, एवढंच कळायला हवं होतं.

दर गुरुवारी क्लब पबमध्ये जमतो. सापडलेली वस्तू टेबलावर मांडायची, ती हातोहात फिरायची आणि ज्याने त्याने अंदाज ठोकायचा. एकजण म्हणाला, घोड्याच्या सामानातली. दुसरा म्हणाला, दिव्याची मूठ. तिसऱ्याने "ट्रॅक्टरची असेल" म्हटलं आणि सगळे खिदळले. शेवटी वस्तू डेरेक मॉब्जच्या हातात आली. डेरेक म्हणजे क्लबातला सर्वज्ञ. त्याला सापडलेल्या हजारेक वर्षं जुन्या सॅक्सन ब्रोचचा, म्हणजे कपड्याला लावायच्या नक्षीदार पिनेचा, फोटो इथल्या पेपरात छापून आला, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"माझ्याकडे दे, बये. साफ करून आणतो. चिखलात काय डोंबल ओळखणार?"

तिने दिली. जुन्याजाणत्याला नाही म्हणायची तिथे पद्धतच नाही.

पुढच्या गुरुवारी वस्तू परत आली ती नळाच्या नव्या तोटीसारखी चकचकीत होऊन. "ड्रिलला तारेचा ब्रश लावला," डेरेक म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत काम फत्ते."

"मग आहे काय ते?"

"असेल काहीतरी जुनं."

अशा वस्तू ओळखून त्यांची नोंद करणारी फिलिपा नावाची मुलगी म्युझियममध्ये बसते. ग्लेंडाने वस्तू तिच्यापुढे ठेवली. फिलिपाने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "हे कुणी घासलं?"

फिलिपाने ग्लेंडाला भिंगाखाली नक्षीचा एक कोपरा दाखवला. तिथे तांबड्या रंगाचा कण उरला होता, मोहरीहून लहान.

"इथे मीनाकाम होतं. तांबडं, कदाचित निळंही. ते असतं तर किती जुनं, कशावरचं, मला सांगता आलं असतं. आता नाही येणार."

"अंदाजाने तरी?"

"अंदाज तुम्हाला पबमध्येही मिळतील, मिसेस थर्टल. मी खोटं नाही सांगणार. 'उपयोग अज्ञात' असंच लिहावं लागेल."

त्या गुरुवारी संध्याकाळी ग्लेंडा म्युझियममधून थेट पबकडे निघाली. एवढी शतकं त्या वस्तूने जमिनीत काढली होती. नांगर सोसले, खतं सोसली, आणि तिची वाट लावली कुणी, तर या दीडशहाण्याने. वर त्याची ऐट. ग्लेंडाला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता, आणि तो गिळायचा तिचा इरादाही नव्हता.

पबमध्ये चिप्सच्या बशा आल्या होत्या. डेरेक कापूस घातलेली डबी उघडून एका नव्या सभासदाला आपला ब्रोच दाखवत होता. "लागला का पत्ता तुझ्या खजिन्याचा?" त्याने विचारलं.

ग्लेंडाने डबीतला ब्रोच उचलला, दुसऱ्या हाताने चिप्सवर शिंपडायची व्हिनेगरची बाटली घेतली आणि त्यावर तिरकी धरली.

डेरेक खुर्ची पाडून उठला. "अगं ए, वेड लागलं का तुला? व्हिनेगरने वरचा जुना हिरवा थर जाईल. सत्यानाश होईल त्याचा."

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

"हे कुणालाही ठाऊक असतं."

"मग माझ्या वस्तूला ड्रिल कसं लावलंस?"

डेरेकने इकडेतिकडे पाहिलं. मदतीला कुणी येईना. "अगं, ती तुझी होती ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला काय सापडणार?"

आज कुणी हसलं नाही. ग्लेंडाने बाटली खाली ठेवली. तिचे कान रागाने तापले होते, तरी तिने ब्रोच कडेने, दोन बोटांत अलगद धरला आणि हिरव्या थराला धक्का न लावता कापसात ठेवून डबी त्याच्यापुढे सरकवली.

"दुसऱ्याची वस्तू अशी परत करतात, डेरेक," ती म्हणाली.