फळीपलीकडचं माप

तयार सदरे काही मेले अंगाला बसत नाहीत, की मला रत्नागिरीतला आमचा शिंपी आठवतो. कानावर खडू खोचून तो माप ओरडून सांगायचा आणि मागे मशीनवर बसलेली बायको ते नुसतं ध्यानात ठेवायची.

पंचावन्न सालच्या सुमारास त्यांनी काडीमोड घेतला. पंचांनी कात्री त्याला दिली, मशीन तिला, आणि दुकानाच्या मधोमध फळ्या ठोकल्या. त्याने जुनं मशीन आणलं, तिने नवी कात्री. गिऱ्हाइकंही वाटली गेली. मी त्याच्याकडे राहिलो.

दिवाळीच्या सदऱ्याला गेलो, तर सवयीने ओरडलाच, "छाती, चौतीस!"

फळ्यांपलीकडचं मशीन थांबलं. "माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवा म्हणावं!"

त्याने फीत बोटभर सैल केली. मग फळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "छाती, पस्तीस."

मशीन पुन्हा सुरू झालं.