त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्याण्णव, तेहतीस

शनिवारी सकाळी बोम्मसंद्राच्या ऑफिसात पोचते न पोचते तोच फोन वाजला. “अण्णा गेले गं,” काकू म्हणाली. कुठे गेले, असं मी विचारलं! मंगळवारी तर आम्ही बोललो होतो. धडधाकट माणूस, हातात चहाचा कप आणि खुर्चीतच... पाच आठवडे झाले, अजून डोक्यात शिरत नाही.

अण्णा माझे थोरले काका. आमचं घराणं चार पिढ्या बंगळूरमधलं, अण्णांचं घर यशवंतपुरात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात रमतात, हे आकड्यांत रमले. ७३९३९१३३ या एका आकड्यावर त्यांचा भारी जीव. ही मूळसंख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला भाग जात नाही. तशा मूळसंख्या पुष्कळ. पण हिचं शेपूट कापा, ७३९३९१३. पुन्हा कापा, ७३९३९१... अगदी ७ उरेपर्यंत कापत जा, दर वेळी मूळच! “कितीही तोडा, खोटी पडत नाही बघ,” अण्णा म्हणायचे. ती त्यांना एका जुन्या मासिकात सापडली होती, पण छापलंय म्हणून विश्वास ठेवणारे ते नव्हेत. आठ हजार सहाशेच्या आतल्या प्रत्येक मूळसंख्येने हाताने भागून बघत होते. मी चिडवायची, “अण्णा, काकूकडेही स्वल्प बघा, थोडंसं.”

नऊ महिन्यांनी भागाकार संपले, एकदाही भाग गेला नाही. त्या मंगळवारी त्यांनी मला फोन केला. आमच्या ऑफिसच्या कम्प्युटरवर खात्री करून हवी होती. “लिही. त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्याण्णव, तेहतीस.” मी टाइप केलं. क्षणात उत्तर आलं, मूळ नाही. मीही मोठी शहाणी, फटकन सांगून मोकळी झाले, “अण्णा, तुमचा आकडा फुटला!” अण्णा म्हणाले, “सरी, बरं. माझंच कुठेतरी चुकलं असेल. परत बघतो.”

तेराव्यानंतर काकूने त्यांची वही दाखवली. मंगळवारपासून पुन्हा पहिल्यापासून भागाकार, दिवसाला दहा-बारा. शेवटची ओळ होती, २११ ने भागले, बाकी ९१. मी मोठ्याने वाचलं, “बाकी एक्याऐंशी.”

“एक्याण्णव गं!” काकू म्हणाली. “एक्याऐंशी म्हणजे एंबत्तोंदु. कानडी शाळेत घातलं, त्याचे परिणाम.”

मराठी आमची घरातली बोली. आकडे मी शिकले ते कन्नडमध्ये. मराठीतले ऐंशी-नव्वदचे आकडे माझे कायमचे कच्चे. मग फोनवर ऐकून मी काय टाइप केलं होतं? ७३, ८३, ८१, ३३?

सोमवारी ऑफिसात दोन्ही आकडे तपासले. माझ्या आकड्याला तर साध्या तीनने भाग जातो! अण्णांचा मूळ. पक्का मूळ. देवा रे, काय करून बसले मी...

तशीच उठून यशवंतपुरात गेले. काकू भाजी निवडत होती. “त्यांचं बरोबर होतं गं, चूक माझी होती,” मी सगळं सांगितलं.

“मला काय सांगतेस? मला कुठे भागाकार येतात?” ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. “ते चार दिवस सारखं एकच विचारत होते मला, माझी नजर गेली की डोकं गेलं...”

मला तिच्याकडे बघवेना. खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीवर वही तशीच होती. २११ च्या खाली त्यांनी पुढची मूळसंख्या लिहून ठेवली होती, २२३. मी खुर्चीत बसले, पेन्सिल घेतली आणि हाताने भागायला लागले. तीनदा चुकले, तीनदा खोडलं. बाकी १३८.

भाग जात नाही, अण्णा.