धोंड्याच्या महिन्यातली गाडी

कौतिकमामाबद्दल कुणी चांगलं बोललं की हल्ली माझं डोकं फिरतं. आणि बऱ्हाणपुरात त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात.

मामा पेपर मिलमध्ये फिटर होता. रिटायर होऊन बुधवाऱ्यात राहायला आला आणि जुन्या गाड्या बघून द्यायला लागला. कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की आधी मामाला दाखवायची, हा गावाचा रिवाजच पडला. पैसे घ्यायचा नाही. एक कप चहा, तोही बिनसाखरेचा, आणि वर शिव्या. गाडी आदल्या दिवशी दारात आणून लावायची आणि रात्रभर चालू करायची नाही, हा त्याचा नियम. सकाळी तो आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर पुढे बघायचाच नाही. "रातभर थंडी राहू दे, मग बोलव," म्हणायचा आणि चालायला लागायचा. गरम इंजिन कसंही सुरू होतं, खरी लबाडी थंड इंजिनात पकडता येते, हे त्याने मला मी शाळेत असताना सांगितलं होतं.

मग तो टायर कुठल्या बाजूने झिजलेत ते बघायचा. दारांचे बोल्ट कधी खोललेत का, ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा फेस आहे का, काचांवर छापलेली वर्षं एकमेकांशी जुळतात का, सगळं बघायचा. शेवटी दोनच उत्तरं: "घे" नाहीतर "नको". खकनारच्या एका दलालाने एकदा इंजिन धुऊन-पुसून चमकवून आणलं होतं. मामा भर चौकात ओरडला होता, "धुतलेलं इंजिन अन् पावडर लावलेला नवरदेव, दोन्हीला उन्हात बघा रे!" तो दलाल पुन्हा बुधवाऱ्यात फिरकला नाही. अशा माणसाचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू.

मी खकनारच्या पुढच्या एका गावात सरकारी शाळेत शिकवते. नवरा निलेश पीथमपूरला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. माझी सहा वर्षांची प्राजक्ता माझ्याच शाळेत आहे. रोज स्कूटीवर, तिला पुढे उभी करून, जाऊन-येऊन पाऊणशे किलोमीटर. मार्चमध्ये केळीच्या एका ट्रकने आम्हाला रस्त्याच्या खाली लोटलं. प्राजूच्या कपाळाला चार टाके पडले. त्या दिवशी ठरवलं, शाळा उघडायच्या आत गाडी घ्यायची. जुनी का होईना, पण डोक्यावर छप्पर आणि चार चाकं असलेली.

आणि गाडी मिळाली ती चंदनकडे. चंदन म्हणजे मामाचा जावई, रंजिताचा नवरा. बहादरपुरात केळीची दलाली करतो, मधूनमधून जुन्या गाड्याही विकतो. छोटी पांढरी गाडी, एक लाख दहा हजार. "इंदूरच्या डॉक्टरीणबाईची आहे ताई. घर ते दवाखाना, बस, इतकीच चालली. टेन्शनच नका घेऊ तुम्ही." इतकी स्वस्त का, विचारलं, तर म्हणे अधिक महिना चालू आहे, धोंड्याच्या महिन्यात कोण गाडी घेतं? बयाणा आत्ता द्या, गाडी महिना संपल्यावर न्या. मला पटलं. मी एकच अट घातली, की मामा बघेल. चंदन हसला. तो का हसला, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

अधिक महिन्यात आमच्याकडे जावई म्हणजे नारायण. त्याला धोंडे जेवायला बोलवायचं, लेक-जावयाचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे दिव्यासकट ताटात घालून द्यायचे. त्या रविवारी चंदन आणि रंजिता दोन वर्षांच्या मयूरला घेऊन जेवायला आले, ते त्याच गाडीतून. मी प्राजूला घेऊन आधीच पोचले होते.

मामा बाहेर आला. बॉनेटवर हात ठेवला. बहादरपूरहून आत्ताच आलेली गाडी, चांगली तापलेली असणार. मी वाट बघत होते की मामा आता म्हणेल, ठेवून जा, उद्या बघतो. तो मात्र गुडघ्यावर बसून खाली एकदा डोकावला, अर्धा मिनिटही नाही. उठला, धूळ झटकली आणि म्हणाला, "बरी आहे."

घे नाही, नको नाही. बरी आहे!

चंदन आत गेल्यावर मी मामाला कोपऱ्यात गाठलं. "मामा, बॉनेट गरम होतं ना? मॅटसुद्धा उचललं नाही तुम्ही."

"जवाई शे तो, माय," मामा हळूच म्हणाला. "आज त्याच्या पायावर पाणी घालाचं, अन् आजच त्याच्या मालाले खोट काढू? उद्या रंजीले ऐकून घ्याले लागीन."

"आणि माझ्या प्राजूचं काय?"

तो तांब्या घेऊन आत गेला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. ज्या माणसाने अख्ख्या गावाला गाडी बघायला शिकवलं, तो जावयासमोर डोळे मिटून घेत होता. आत पाय धुणं चाललं होतं. 'बसून बघा' म्हणून चंदनने किल्ली माझ्याकडे दिली होती. मी सरळ बाहेर गेले आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उपटलं. नवंकोरं मॅट, चारही बाजूंनी चिकटवलेलं. खाली काळे डाग. हे डाग आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ओळखता येतात. केळीचा चीक. कपड्यावर पडला तर कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. इंदूरची डॉक्टरीणबाई काय केळीचे घड वाहत होती? कडेला पांढरी भुकटी साचली होती. बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट! पोटॅश. खताची पोती वाहून वाहून पत्रा खाल्ला होता. घराची किल्ली दाबली तर पत्र्यातून आरपार गेली, खालची गल्ली दिसली. इथे माझे पाय असणार होते, आणि शेजारी प्राजू.

गंजाचे ते पापुद्रे मी मुठीत घेतले, आत गेले आणि चंदनच्या पाटासमोर, अनारशांच्या ताटाशेजारी टाकले.

"हा घ्या तुमच्या डॉक्टरीणबाईचा दवाखाना."

मथुरामामी किंचाळलीच, "अगं बाई, धोंड्याच्या ताटापाशी!"

चंदन लालबुंद झाला. "बाबांनी पास केली आहे गाडी. विचारा त्यांना. बोला ना बाबा, केली की नाही?"

सगळे मामाकडे बघत होते. मीही. मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. एवढा मोठा आवाज आहे त्याचा, भर चौकात लोकांची कातडी सोलणारा. मामाने पापुद्र्यांकडे पाहिलं, मग रंजिताकडे. आणि म्हणाला, "योगिता, ते उचल आधी तिथून."

मी उचललं नाही. मरेपर्यंत उचललं नसतं. "विकायचीच असेल तर भंगारात विका," मी चंदनला म्हणाले, "माझ्या लेकीला मारायला देऊ नका."

चंदन ताटावरून उठला. घासही न घेता, माझ्या हातातली गाडीची किल्ली हिसकावून. धोंड्याचा जावई उपाशी उठला म्हणून मामी रडायला लागली. रंजिताने मयूरला कडेवर घेतलं आणि जाताना मला म्हणाली, "झालं समाधान? आता घरी मला काय काय ऐकावं लागेल, माहीत आहे तुला?" मला तिची दया आली नाही. तिचीही चीड आली. नवऱ्याचा धंदा तिला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे!

दोघं गाडीत बसले. रंजिता पुढे, मांडीवर मयूर. चंदनने गाडी रागारागात मागे घेतली आणि वळवली.

तेव्हा मामा धावला. अनवाणी, हातात पाय धुतलेला टॉवेल तसाच. पासष्ट वर्षांचा माणूस गाडीसमोर आडवा उभा राहिला आणि दोन्ही हातांनी बॉनेट बडवायला लागला. सगळी गल्ली बाहेर आली.

"उतर, रंजी! पोराले घेऊन उतर खाले! मागच्या ब्रेकची नळी सडेल हाये, कव्हाबी फुटीन! पुलावर फुटली मंग? उतर म्हणतो ना!"

रंजिता घाबरून उतरली. मामाने मयूरला तिच्याकडून ओढूनच घेतलं आणि छातीशी धरलं. मामा रडत होता. चंदन चालता झाला, एकटाच. लोक म्हणाले, वा रे कौतिकभाऊ, जावयाचीही भीड ठेवली नाही. आजही तेच सांगतात.

मी दारात प्राजूचा हात धरून उभी होते. पत्रा मी दाखवला होता. ब्रेकच्या नळीबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नव्हता. मला तर ती कुठे असते हेही माहीत नव्हतं. मामाने ती सकाळीच पाहिली होती, गुडघ्यावर बसला होता तेव्हा. आणि उठून, माझ्या पोरीच्या समोर, तो 'बरी आहे' म्हणाला होता.