तारेला उष्णता चालत नाही

रिठदच्या रुपाकाकूंनी तूर पेरताना तिफणीच्या चाड्यावर बियांची मूठ धरली की तासाच्या ओळीत दाणा कसा सारखा पडायचा. पन्नाशीत त्यांचा उजवा हात कापायला लागला आणि तिफणीमागे दुसऱ्या बाया चालू लागल्या. कंपवात. गोळ्यांनी भागेना तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्यात बारीक तार बसवली, गळ्याखाली कातडीच्या आत तिची बॅटरी. कापणं थांबलं. काकूंनी पुन्हा मूठ धरली, त्या दिवशी मी रडले.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, तारेला बाहेरची उष्णता लागू देऊ नका, मेंदू भाजेल. ते रामकिसनकाकांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, असं मनावर घेतलं की विचारू नका. पपई बंद, गूळ बंद, तीळ बंद. चुलीपुढे स्वतः बसून भाकरी थापू लागले. भाकरी कसल्या, नकाशे! मी त्यांची पुतणी, बारावी सायन्स झालेली. "काका, पपईनं तार तापते काय?" म्हणून त्यांची टर उडवायची. ते हसायचे, पण पपई काही घरात आली नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा खांदा आखडला. वाशिमला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मशीनचा शेक मिळतो म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. काका हट्टानं सोबत आले. तिथल्या मुलीनं विचारलं, "हार्टसाठी काही मशीन बसवलंय का?"

"नाही, हार्ट एकदम ठणठणीत," मी सांगून मोकळी. तिनं मशीन जवळ ओढलं.

"हे गरम करते काय वं पोरी?" काकांनी विचारलं.

"आतून शेक देतं, बाबा."

"मंग नाई लावाचं. हिच्या डोक्स्यात तार हाय."

"काका, खांद्याले लावून राह्यली ते, डोक्स्याले नाई!" मी चिडले.

काका मध्ये उभेच राहिले. "लावाचं तं मले लाव."

ती मुलगी मात्र पांढरीफटक पडली. तिनं आधी मशीनची पिन उपसली. म्हणाली, अंगात तार असली की शेक तिच्यातून धावतो आणि टोकाशी मेंदू भाजतो. बॅटरी बंद असली तरी.

"पण चटका बसला असता तं काकू बोलल्या असत्या ना?"

"मेंदूला दुखत नाही, ताई."

बाहेर जाऊन मी बाकावर टेकले. लाज वाटत होती, भीती त्याहून जास्त. काका शेजारी येऊन बसले.

"चुकलं माह्यं, काका."

"तुले समजते, म्हून तू पुसलं नाई," ते म्हणाले. "मले काईच समजत नाई. मले पुसाच लागते."