चौथा जोड
नव्या रबराचा वास आला की लालबागचं ते बुटांचं दुकान आठवतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चामुळे ट्राम बंद होत्या, म्हणून गिरणीतून सुटलेली आई मला घेऊन परळहून चालतच आली होती. दुसऱ्या दिवशी माझी शाळेतली शर्यत होती. दुकानदार म्हणाला, “बाई, एक नंबर मोठा घ्या, पोरीचा पाय वाढतोय.” आईने खाली बसून माझ्या बोटांपुढे अंगठा दाबून पाहिला. “वाढेल तेव्हा वाढेल. तिला उद्या पळायचंय.” कॅनव्हासचा चौथा जोड नीट बसला. मी फुटपाथवर पळून परत आले, तर आई बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. शर्यतीत मी दुसरी आले. आता संध्याकाळी माझेही पाय सुजतात, आणि त्या दिवशी आईच्या पायांत काय होतं, ते काही केल्या आठवत नाही.