जड झालीय हो!

एक हात कंबरेवर ठेवून, पाठ मागे ताणून तो म्हणायचा, "जड झालीय हो!" तक्रार करताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. याचा तसा होत नसे. मुलगा पास झाल्यावर बाप ज्या आवाजात पेढे वाटतो, त्या आवाजात हा स्वतःची पाठदुखी सांगायचा.

जड झालेली ती त्याची मुलगी, सोनी. जन्मतःच तिचं डोकं लहान होतं आणि अंगाबरोबर ते वाढत नव्हतं. मेंदूचा कुठलातरी दुर्मीळ विकार. झटके यायचे, मान धरत नसे, भरवताना ठसका लागायचा.

तो मला पहिल्यांदा भेटला अठ्ठ्याऐंशी साली. भाईंदर पश्चिमेला आमची इमारत नुकती उभी राहत होती. आम्ही दोघंही गिरगावातून जागा बघायला आलेले; तो माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. तळमजल्याची जागा मागताच दलाल म्हणाला, "नीचे का मत लो साहब, मच्छर उठा के ले जायेंगे!"

मीही म्हटलं, "वरची घ्या. खाली ओल येते."

त्यानं खांद्यावरची दीड वर्षाची सोनी सावरली. "वरची चांगलीच आहे. पण ही दहा वर्षांची झाली की हिला उचलून तीन मजले कोण चढणार?"

त्याची बायको एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. कारण मला नंतर कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशी मुलं फार तर तीन वर्षं काढतात.

त्यानं तळमजला घेतला. मी तिसरा.

माझी नोकरी हिशेब खात्यातली. एका संध्याकाळी तो वर आला. "तुम्ही आकड्यांतले. डॉक्टर म्हणतात 'अशी मुलं'. अशी किती पाहिली असतील त्यांनी?"

"आजारच दुर्मीळ. फार नसतील. तीन-चार."

"तीन-चारांवरून सरासरी काढाल तुम्ही?"

"नाही काढणार. पण म्हणून सोनी जास्त जगेल, असंही त्यातून निघत नाही."

खोटा धीर द्यायला मला जमत नाही. तो मात्र खूश झाला. "म्हणजे नक्की कोणालाच माहीत नाही. चालेल!"

पुढे स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला मुदत सांगितलीच नाही. लहान डोकं हे नुसतं लक्षण. मागचं कारण प्रत्येक मुलाचं वेगळं आणि आयुष्यही तसंच, असं त्या म्हणाल्या. झटके आवरा, ठसका लागू देऊ नका, छातीत कफ साठू देऊ नका. त्यानं तेवढंच धरलं. कामावरून आला की सोनीला दोन्ही हातांवर आडवी घ्यायची, एक पंजा डोक्याखाली, आणि वाण्याच्या दुकानापर्यंत फेरी मारायची. तिसरं वर्ष उलटलं, पाचवं उलटलं. पाठ जास्त दुखायला लागली.

बायको दारातून ओरडायची, "मिरवा, मिरवा! बाम मलाच चोळायचाय."

"चोळ की. जड पोरीचा बाप आहे मी!"

सोनी माणसं ओळखते की नाही, यावर इमारतीत दोन मतं होती. फाटकापाशी त्याच्या चपला वाजल्या की तिचे पाय हलायचे. दुसऱ्या कोणाच्या चपलांना हलत नसत. मी अनेकदा पाहिलं, म्हणून लिहितोय.

नववं लागल्यावर एका हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला. त्या खेपेला कफ आवरला नाही.

वर्षभरानं आमच्या मजल्यावरची एक जागा रिकामी झाली. वाण्याकडे तो भेटला तेव्हा मी म्हटलं, "आता वर या. डास तरी चुकतील."

"बघू." मग म्हणाला, "पाठ दुखायची थांबली हो." या वेळी मात्र तक्रारीसारखं म्हणाला.

वाण्यानं तांदळाची दहा किलोची पिशवी पुढे सरकवली. मी हात लावायला गेलो.

"असू द्या."

पिशवी त्यानं खांद्यावर टाकली नाही. दोन्ही हातांवर आडवी घेतली, तिच्या एका टोकाखाली पंजा धरला आणि माणसं चुकवत, धक्का लागू न देता, तो तळमजल्याकडे निघाला.